टेबलाला भोकं

मोंटानातल्या आमच्या गावच्या बंदुकांच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे असलेल्या म्हाताऱ्या बाईंचा उजवा अंगठा पेराशी वाकत नव्हता. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी चिमुकली टोपी, बसवायचं हातातलं यंत्र त्या पुन्हापुन्हा दाबून बघत होत्या. शेजारी त्यांचा मुलगा होता.

“आई, दुखतंय ना? मग तयार काडतुसं घे.”

“विकतचा पाव आणि विकतचं काडतूस माझ्या घरात येत नाही, डॅरिल.”

“बिलिंग्जला माझ्याकडे राहायला आलीस की कसली शिकार? मार्चपासून विचारतोय, येणार का ते सांग एकदाचं.”

“मर्ल, ते दांड्याचं यंत्र दाखव रे. त्याला अंगठा लागत नाही.”

“दाखवतो, ऑर्लीन. पण ते टेबलाला बोल्टनं आवळावं लागतं,” दुकानदार म्हणाला.

“प्रायमर नीट बसल्याचं हाताला कळतं?”

“कळतं की. फक्त टेबलाला भोकं पडतील.”

“आई, ते ओकचं टेबल शनिवारी गिऱ्हाईक बघायला येतंय! घर रिकामं करायचं ठरलंय ना?”

“तू ठरवलंयस.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरी गेल्यावर ड्रिल काढ. टेबल तिथून हलणार नाही, आणि मीही नाही.”