पेटीची चावी

हसू नका, पण मोखाड्याच्या बाजारात मी तासभर वरच अडकून पडलो होतो. खांबावरचा दिवा बदलायला गाडीच्या पाळण्यातून वर चाललो होतो. जाता जाता खालच्या गर्दीला शहाणपण शिकवलं, "पट्टा बांधला की कसली भीती?"

वर गेलो आणि पाळणा बंद पडला.

"किसन, पाळणा खाली घ्यायचा दांडा ओढ! पेटीत आहे."

"पेटीला कुलूप आहे," माझा जोडीदार खालून ओरडला.

कुणी हात लावू नये म्हणून ते मीच लावलं होतं. चावी माझ्या खिशात! खाली फेकली, ती नेमकी सुकट विकणाऱ्या आजीच्या ढिगात घुसली.

"आजी, चावी शोधा ना!"

"आधी गिऱ्हाईक उरकू दे. तू पट्टा बांधलायस ना? मग कसली भीती?"