झग्याच्या आतली बाई

मी मूळची इस्लामपूरची, शिवणकाम आईनं शिकवलं, ती आता तिथं एकटी असते, खुब्याचं हाड मोडून दीड वर्ष झालं, आणि मी इथं जर्मनीत, ब्योब्लिंगेनात बसून लोकांच्या पँटी आखूड करते. काय सांगू ताई, वर्षभर तिच्यापाशी जाऊन राहते म्हणलं की हे म्हणतात, अगं सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलीस तर आउफएन्थाल्ट, इथं राहायचा परवाना, जाईल, परत येता यायचं नाही, इथला पासपोर्ट होऊ दे, मग जा. चांगले आहेत हो, हात कधी उगारला नाही. पण बोलायला लागलं की लॅपटॉपमध्ये डोकं.

आल्झो, तर झालं असं, दुकानात बिसीताई आल्या, नायजेरियाच्या, योरुबा लोकांतल्या, इथं नाटकं बसवतात. म्हणाल्या, झगा शिवायचाय, डोक्यापासून पायापर्यंत नुसत्या कापडाच्या पट्ट्या, बोटसुद्धा दिसता कामा नये. म्हणलं माप कुणाचं घेऊ, तर म्हणे माप घ्यायचंच नाही, आत कोण आहे ते कुणी सांगत नसतं. त्यांच्यात झग्यातल्याला पूर्वज मानतात, तो गावात येतो नि राजाला तोंडावर सुनावतो, नि राजाला ऐकून घ्यावं लागतं. तेच त्या नाटकात घेतात, फक्त राजा आताचा, मोठ्या गाडीतला, गावाची जमीन विकणारा. मला आमची काकू आठवली, अंगात आलं की काका तिच्या पाया पडायचे, एरवी पाणी मागायचे तेही ओरडून.

पण बिसीताईंनी ठरवलं, यंदा आत बाई घालायची. आधी त्यांच्यातले एक म्हातारे काका आत जायचे, ते तडकून निघून गेले, म्हणे आमच्यात बायकांना हे कळूसुद्धा देत नाहीत. बिसीताई म्हणाल्या, मग बाईनं राजाला बोलायचं तरी कधी? नि माझ्याकडे बघितलं. अगं बाई, मला कुठं तुमची भाषा येते! तर म्हणे तुझ्या भाषेत बोल, पूर्वजाचं बोलणं शेजारचा माणूस उलगडून सांगतो, तू फक्त आवाज घोगरा काढ.

घरी सांगितलं, कपडे सांभाळायला जाते. हे आले नि तिसऱ्या रांगेत बसले. आत काय उकडत होतं! राजा समोर आला नि शिकवलेलं सगळं राहिलं बाजूला, मी म्हणलं, मेल्या, तुझ्या कागदांपायी माझी आई वाट बघत मरंल, मला जाऊ दे. शेजारचा आपला जर्मनमध्ये जमिनीचंच सांगत होता. अख्ख्या हॉलात मराठी कळणारे एकटे हेच. रडले मी आत, कुणाला दिसतंय.

परत येताना गाडीत हे म्हणाले, अगं, आत कुणीतरी आपली मराठी बाई होती, बिचारी, नवरा कसला असेल गं तिचा? तोंडाशी आलं होतं ताई, पण झगा तिथंच काढून ठेवला होता. म्हणलं, चांगला असेल हो, देव त्याचं भलं करो.