बंदर रस्त्याची डावी बाजू

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या खारवली नगरपालिकेचे आदरणीय नगराध्यक्ष. व्यासपीठावर विराजमान झालेले मामलेदारसाहेब. ठाण्याहून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले पाहुणे. माझे मेहुणे आणि वॉर्ड नंबर पाचचे मेंबर पंढरीशेठ. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, हेडक्लार्क टिपणीस भाऊसाहेब. आणि माझ्या डाव्या हाताला खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या मतदार बंधू-भगिनींनो!

उजव्या हाताला सतरंजीवर मीठवाडीतली मंडळी बसली आहेत, हे मला दिसतं आहे. मी त्यांच्याकडे येणार आहे. आज मला यावंच लागणार आहे. पण रीतीप्रमाणे आधी सत्कारमूर्ती.

भाऊसाहेबांनी अठ्ठावीस वर्षं काय केलं? वॉर्डांच्या हद्दी आखल्या आणि मतदारांच्या याद्या लिहिल्या. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? अहो, यादीत नाव नसलेला माणूस खारवलीत जन्माला येऊ शकतो, लग्न करू शकतो, मरूही शकतो; पण मत देऊ शकत नाही आणि निवडणुकीला उभाही राहू शकत नाही. हे शेवटचं तेवढं ध्यानात ठेवा. माझ्या तर कालपासून ते डोक्यातून जात नाही.

हद्द आखायची त्यांची पद्धत अगदी सरळ. आपला बंदर रस्ता रेल्वे फाटकापासून खाडीपर्यंत नाकासमोर जातो. भाऊसाहेब सकाळी फाटकाकडून निघायचे आणि डाव्या हाताची घरं लिहीत बंदरावर पोचायचे. हा झाला वॉर्ड चार. मग तिथून पाठ फिरवून फाटकाकडे परत, पुन्हा डाव्याच हाताची घरं लिहीत. हा वॉर्ड पाच. जाताना एक बाजू, येताना दुसरी. या गृहस्थांनी हद्दीच्या कागदावर ‘उजवा’ हा शब्द कधी लिहिलाच नाही.

एकोणपन्नास साली मी वॉर्ड पाचमधून उभा राहिलो. येतानाच्या त्या बाजूला मीठवाडी. एकशे बारा मतं, आणि सगळी माझ्याच मिठागरावर राबणारी माणसं. मला वाटलं, घरचंच कार्य आहे! एकशे बारापैकी मला पडली तीन. लोक विचारायला लागले, परशुरामशेठ, ती माणसं तुम्हाला ओळखत नव्हती की काय? अहो, ओळखत होती म्हणून तर!

हसा, हसा. पुढचं ऐका. बावन्न साली भाऊसाहेब डावी बाजू उरकून घामाघूम होऊन बंदरावर पोचले, तर तिथे धाकूचा टांगा उभा. मीच उभा करवला होता, निव्वळ माणुसकी म्हणून. म्हटलं, “एवढ्या उन्हात परत पायी कशाला? बसा. फाटकाशी थंडगार ताक घ्या, आणि पाचव्या वॉर्डाला तिथूनच सुरुवात करा.”

ते म्हणाले, “शेठ, मग डाव्या हाताला पुन्हा तीच घरं येतील.”

“कागदावर काय लिहिलंय? डाव्या हाताची घरं. मग डावीच घ्या की!”

टांग्यात मी होतो, आणि वरिष्ठांपैकीही कोणी होतं. त्यांचं नाव घेत नाही, ते आता हयात नाहीत. भाऊसाहेब पडले नोकर माणूस. बसले.

झालं! डावी बाजू दोन्ही याद्यांत आणि उजवी एकीतही नाही. माझ्या या खुर्चीवरल्या मतदारांनी सकाळी चारात मला मत दिलं, आणि जेवून, वामकुक्षी करून, दुपारी पाचात पंढरीला. लोकशाहीवर इतकं प्रेम कल्याणला नाही आणि ठाण्यालाही नाही. पंचावन्न साली पुन्हा टांगा, पुन्हा ताक, आणि कागदावर शेरा: ‘मागील हद्द कायम.’ बावन्नची निवडणूक झाल्या झाल्याच नळ वॉर्डवार घालायचे असा ठराव झाला होता. डाव्या बाजूला दोन वॉर्डांचे मिळून इतके नळ आले की गोदाबाईंच्या म्हशींनासुद्धा स्वतंत्र तोटी मिळाली. मीठवाडी कुठल्याच वॉर्डात नाही, तेव्हा तिला नळ कुठल्या नियमाने द्यायचा, सांगा!

हे विचारायला सखुबाई यायच्या. सखुबाई, जरा उभ्या राहता? नको? बरं, बसा. डोक्यावर रिकामा हंडा आणि हातात अर्ज.

“शेट, आमी कनचे वार्डान?”

मी यादी काढायचो. चष्मा लावून बघायचो. “बाई, तुम्ही चारात नाही.”

“मंग पाचान?”

“ते पंढरीशेठना विचारा.”

पंढरी त्यांना पुन्हा माझ्याकडे पाठवायचा. आमच्या दोन घरांमध्ये सहा वर्षं ही बाई चालली. विहीर पाऊण मैलावर. तिथून हंडा भरून परत जायचा, अर्ज तसाच राहायचा. मला त्याची गंमत वाटायची. होय, मामलेदारसाहेब, गंमत वाटायची. आज बोलायलाच उभा आहे तर खरं बोलतो.

गेल्या दसऱ्याला मी नवा बंगला बांधला. कुठे? रस्त्याच्या उजव्या बाजूला. का? खाडीचा वारा छान. आणि आता लपवून काय उपयोग, जी बाजू कुठल्याच वॉर्डात नाही तिला घरपट्टीही नाही! नळ मात्र रस्त्याखालून ओढून घेतला. मेंबर होतो ना मी. डाव्या बाजूच्या जुन्या घरात मिठाच्या गोण्या रचल्या. गोण्यांना मत नसतं, हे तेव्हा सुचलं नाही.

या वर्षी यादीची वेळ आली तेव्हा भाऊसाहेब आपणहून बंगल्यावर आले. म्हणाले, “शेठ, यंदा टांगा नको. मी बंदरावरून पायी परत येतो. तुमच्याच हिताचं आहे.” मी म्हटलं, चालत आलेली रीत मोडायची नाही. दुसऱ्यांदा आले, तेव्हा मी अंगावर ओरडलो. धाकू, तू होतास ना तिथे? होता, तो मान हलवतोय. मग भाऊसाहेब मुकाट्याने टांग्यात बसले. डाव्या हाताची घरं त्यांनी दोनदा लिहिली. माझा बंगला उजवीकडून निघून गेला, दोन्ही वेळा.

नंतर महिनाभर यादी कचेरीच्या भिंतीवर होती. ज्याचं नाव नसेल त्याने अर्ज करावा, अशी दवंडी पिटली. मी मेंबर! मी कशाला भिंत वाचायला जातो? तो महिनाभर हा माणूस कचेरी सुटल्यावर पायी मीठवाडीत जात होता. एकशे अठ्ठेचाळीस अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, अंगठे घेतले, आणि सगळी वाडी वॉर्ड पाचात आणून बसवली.

काल पाच वाजता यादी कायम झाली. उमेदवारीच्या कागदावर आपला नंबर लिहायचा असतो, म्हणून मी ती उघडली. चारात बघितलं. पाचात बघितलं. पुन्हा चारात. भाऊसाहेबांकडे धावलो, म्हटलं, अर्ज द्या! त्यांनी खिशातलं घड्याळ काढून मला दाखवलं. “पाच वाजून गेले, शेठ.”

“अहो, मग आधी सांगायचं नाही का?”

“दोनदा आलो होतो.”

मी काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. पण चिडणं संपल्यावर, मंडळी, मला भीती वाटली. एवढ्या गावात मी कुठलाच नाही? कचेरीच्या पायरीवर बसलो होतो. सखुबाई बाहेर आल्या, हातात पाचव्या वॉर्डाची चिठ्ठी. माझ्या तोंडून निघून गेलं, “सखुबाई, आता मी कुठल्या वॉर्डात?”

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अर्ज करा, शेट. आमाला सा वरसां लागली.”

आज सकाळी त्यांनी पाचव्या वॉर्डातून उमेदवारी भरली आहे. पंढरी, पाणी पी जरा. रस्त्याखालून चोरून नेलेला माझा नळ तोडायचा की मीठवाडीपर्यंत वाढवायचा, हे बहुधा त्याच ठरवतील. माझं मत विचारायला कोणी येणार नाही, कारण मला मत नाही.

भाऊसाहेब, ही शाल आणि हा नारळ. घ्या. बाहेर टांगा उभा आहे, तुमचं घर फाटकापाशी, आणि बंदरावरल्या या शाळेपासून लांब पडेल. काय म्हणता? नको? चालत जाणार? बघा मंडळी, नऊ वर्षांनी हा माणूस बंदराकडून फाटकाकडे पायी निघाला आहे. डाव्या हाताला आधी मीठवाडी लागेल.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, डाव्या हाताच्या मंडळींनी ऐकून घेतलं, सर्वांचा ऋणी आहे. जिभेवरून काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. उजव्या हाताच्या मंडळींनो, तुमच्याकडे माफी कुठल्या नात्याने मागू? मेंबर म्हणून मागण्याची सोय मीच ठेवली नाही. शेजारी म्हणून मागतो.

आणि भाऊसाहेब, वाडी संपली की माझा बंगला आहे. मी दारात उभा राहीन. वही बरोबर नसली तरी चालेल, एकदा डावीकडे बघून जा.