एका हातानं उठणारी कमान

थोरल्यांना जास्त कळतं असं कुणी म्हणालं की मला आमचे चुलते आप्पा आठवतात. ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून सीटमागं लोखंडी कमान असते. लिंबाच्या बागेत ती फांद्यांना अडायची, म्हणून आप्पा ती बिजागरीवर मागं पाडून ठेवायचे. जड लागते म्हणून परत उभी करायचेच नाहीत. मी डिप्लोमा सोडून घरीच होतो. केडगावच्या भंगारातून व्हॅनच्या डिकीचं झाकण उचलणारे गॅसचे दांडे आणून कमानीला बसवले. ती एका हातानं उठायला लागली.

दुसऱ्या दिवशी आप्पा कालव्याच्या ओल्या भरावावरून येत होते, कमान खालीच. मागचं चाक पाण्याकडं सरकलं.

“आप्पा, कमान उचला,” मी ओरडत त्यांच्याकडं पळालो.

त्यांनी बसल्या जागी ती उचलली आन् ट्रॅक्टर कसाबसा वर काढला.

“उगं बोंबलतो. उठली का न्हाई?”

मी कमानीला हात लावला, तर ती लगेच मागं कलली.

“आप्पा, हिला उभं धरणाऱ्या दोन्ही पिना कुठायत? त्यांच्याबिगर ही काय वाचवणार तुम्हाला?”

“हरवतील म्हणून देवघरात ठेवल्यात,” आप्पा म्हणाले. “म्हणून तर वाचलो.”