बटणाची मान

आई : परत सांग. पहिल्यापासून.

मुलगी : तीनदा सांगितलं ना आई.

आई : चौथ्यांदा सांग. मावशी आली की आपल्याला पोलीस चौकीत जायचंय, तिथे असं तुटक तुटक बोललेलं चालणार नाही. शाळा सुटली, तू गेटबाहेर आलीस. मग?

मुलगी : मग ती करडी गाडी होती. त्यातल्या माणसाने काच खाली केली आणि म्हणाला, तुझ्या आईला दुकान सोडून येता येत नाहीये, तिने मला पाठवलंय.

आई : आणि बाईसाहेब निघाल्या!

मुलगी : नाही निघाले लगेच. मी विचारलं, शब्द काय? तूच शिकवलंयस, कुणीही न्यायला आलं तरी आधी शब्द विचारायचा.

आई : मग?

मुलगी : तो म्हणाला, सातवं काज.

आई : अगं देवा.

मुलगी : म्हणून मी दार उघडलं. एक पाय आत टाकला होता.

आई : पुरे. पाय नको सांगूस मला. कुणाला सांगितलास तू तो शब्द?

मुलगी : आई, बस ना जरा. मघापासून मशीन ते खिडकी, खिडकी ते मशीन चाललंय तुझं.

आई : विषय बदलू नकोस. तुझे बाबा ट्रक घेऊन गेलेत ते परवा येणार, त्यांना मी काय सांगू? हा शब्द घराबाहेर कुणालाही ठाऊक नाही. बाबांचा पहिला शर्ट मी शिवला, बटणं सहा आणि काजं सात. ते माझं हसं आपल्या चौघांतच आहे. तू, मी, बाबा, मावशी. मग त्या मेल्याला कुठून कळलं?

मुलगी : मला काय माहीत.

आई : माझ्याकडे बघून बोल. तुझ्या बाकावरच्या त्या मैत्रिणीला सांगितलास ना? दिवसभर कुजबुज चाललेली असते दोघींची.

मुलगी : तिला कशाला मध्ये आणतेस?

आई : बोल!

मुलगी : हो. सांगितला.

आई : बघ! वाटलंच मला. अकरा वर्षांची घोडी झालीस, पोटात एक शब्द राहत नाही तुझ्या! थांब, तिच्या आईलाच फोन लावते.

मुलगी : नको ना! आई, फोन नको लावू. प्लीज.

(मावशी आत येते. बँकेचं ओळखपत्र अजून गळ्यातच आहे.)

मावशी : ताई, फोन ठेव. आधी पोरीला जवळ घे. फोनवर नीट बोलताही येत नव्हतं तुला, मी काउंटर सोडून धावत आले. रिळू, तुला लागलंबिगलं नाही ना?

मुलगी : नाही मावशी.

आई : लागलं नाही, पण शब्द वाटत सुटली गावभर. तूच बोल आता तुझ्या लाडकीशी.

मावशी : कधी सांगितलास गं मैत्रिणीला?

मुलगी : काल. म्हणजे... सोमवारी.

मावशी : सोमवारी सुट्टी होती. माझ्याकडेच होतीस तू.

मुलगी : मग मंगळवारी.

मावशी : रिळू, दिवसभर लोकांच्या सह्या बघत असते मी. खोटी सही लगेच कळते. तो माणूस अजून काय म्हणाला?

मुलगी : काही नाही.

मावशी : आठव.

मुलगी : म्हणाला, तुझ्या आईच्या कॉलरला तोड नाही. रोज बघतो मी.

आई : रोज बघतो? कुठे बघतो? दुकानात तर शाळेचे गणवेश आणि बायकांचे ब्लाउज, पुरुष माणूस महिन्यातून एखादा येतो.

मावशी : ताई, तुझा फोन दे.

आई : कशाला?

मावशी : दे म्हटलं ना. तू ते शिवणाचे व्हिडिओ टाकतेस त्यातला गणवेशाच्या कॉलरचा कुठला?

मुलगी : मावशी, तो नको लावूस.

मावशी : हाच. नऊ हजार लोकांनी बघितलेला.

फोनमधली आई : "...तर मैत्रिणींनो, अशी बसली कॉलर. ही माझी लेक, तिच्याच अंगावर दाखवते. वळ गं. आता जाता जाता एक आईच्या मनातलं सांगते. माझ्या लेकीची शाळा चार वाजता सुटते आणि मला काही दुकान सोडता येत नाही. म्हणून आम्ही एक खुणेचा शब्द ठेवलाय. न्यायला कुणीही येवो, शब्द सांगितला तरच जायचं. आता आमचा शब्द आहे सातवं काज. त्याची गंमत अशी..."

आई : बंद कर.

मावशी : ताई...

आई : बंद कर गं तो! बघवत नाही मला.

मावशी : खिशावरचा शाळेचा बिल्लासुद्धा वाचता येतोय. पोरगी, शाळा, सुटायची वेळ, तू येणार नाहीस हे, आणि वर शब्द. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून दिवसभर घसा कोरडा करते मी, आणि माझी सख्खी बहीण...

आई : मी नमुना दाखवला गं. नुसता नमुना. कागद कापून शिकवलेलं मला पटत नाही, तुला माहितीये. कॉलर शिकवायची तर खऱ्या कापडाची शिकवते. तसाच बोलण्याच्या ओघात खरा शब्द सांगून बसले, आणि विसरूनही गेले. चार बायकांचं भलं व्हावं म्हणून!

मावशी : भल्यासाठीच केलंस. मी नाही म्हणत नाही.

आई : आणि मी या लेकराला मघापासून झोडपतेय. रिळू, तू का म्हणालीस की तू सांगितलास?

मुलगी : तू मला ओरडत होतीस तेवढंच बरं होतं.

आई : म्हणजे?

मुलगी : तो कॉलरचं बोलला होता ना, त्यावरून पळून आल्यावर मला कळलं, त्याने तुझा व्हिडिओ बघितलाय. पण त्या दिवशी तू किती खूश होतीस. नऊ हजार, नऊ हजार म्हणून नाचत होतीस. तुला कळलं असतं तर तू रडली असतीस.

आई : रडतेच आहे की आता. ये इकडे. ये माझ्याजवळ.

मावशी : पण मला एक सांग, पाय आत टाकलेला तू परत कशी फिरलीस?

मुलगी : बटणामुळे.

मावशी : कसलं बटण?

मुलगी : तो म्हणाला, घाबरू नकोस, हा अंगावरचा शर्टसुद्धा तुझ्या आईनेच शिवलाय. मी बघितलं. बटण कापडाला चिकटलेलं होतं. आई बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घालते, मग काडी काढून दोऱ्याचे वेढे देते. आईच्या बटणाला मान असते. त्याच्या एकाही बटणाला नव्हती.

मावशी : मग?

मुलगी : मग मी म्हटलं, माझी पाण्याची बाटली वर्गात राहिली, आणलीच. आणि पळत वॉचमनकाकांकडे गेले. ते गेटपर्यंत येईतो गाडी निघालीच. त्यांनी नंबर लिहून ठेवलाय, शेवटचे दोन आकडे सोडून.

आई : काडी ठेवायचा कंटाळा करते म्हणून किती वेळा बोलले असेन हिला.

मावशी : कामी आली काडी. ए ताई, काय करतेयस?

आई : पुसून टाकते तो व्हिडिओ. आत्ताच्या आत्ता.

मावशी : पुसू नकोस! चौकीत दाखवायला लागेल. लोकांना दिसणार नाही असा करून ठेव. दे, मी करते. आणि खाली कोणी कोणी काय लिहिलंय तेही बघायला सांगू त्यांना. थांब.

आई : काय झालं?

मावशी : हे वाच.

आई : हे खालचं बारीक मी कधी वाचतच नाही. तूच वाच.

मावशी : "ताई, छान कल्पना. आम्हीही आमच्या मुलाला हाच शब्द शिकवला. सातवं काज."

आई : हाच?

मावशी : खाली अजून एक आहे. "माझ्या जुळ्यांना पाठ झाला." आणि ही. "शब्द सुचत नव्हता, तुमचाच घेतला."

मुलगी : अशा खूप आहेत. मी चाळीसपर्यंत मोजल्या होत्या.

आई : अगं बायांनो! मी कापला तसा कापलात? मापं तरी आपापली घ्यायची!

मावशी : तूच सांगतेस ना दर व्हिडिओत, नमुना जसाच्या तसा उतरवा, स्वतःचं डोकं लावू नका.

आई : म्हणजे उद्या शाळा सुटली की त्या सगळ्या पोरांना...

मावशी : हो.

आई : व्हिडिओ लपवून त्या बायकांना काय कळणार? कपाळ! त्यांना वाटणार आपलं पोर सुरक्षित.

मावशी : लिहून टाक काहीतरी. "तांत्रिक कारणाने शब्द बदला."

आई : तांत्रिक काय? मशीन बिघडलं का माझं? मी बिघडवलंय. आणि मी नुसतं लिहिलेलं वाचतंय कोण? तोंड दिसलं तरच थांबतात बायका.

मावशी : ताई, लोक हसतील. नावं ठेवतील. आई आहे का कोण, म्हणतील. अर्धी गिऱ्हाइकं त्या व्हिडिओंवरूनच येतात तुझी.

आई : ठेवू देत नावं. उसवायला लाजलं की कपडा कायमचा वाकडा. रिळू, फोन धर. नको, तू नको धरू. तू त्यात कुठेच नको, आवाजही नको. आत जा.

मुलगी : आई, मागे दुकानाची पाटी दिसते.

आई : बरं झालं बोललीस. भिंतीकडे बसते. भिंतीवर कॅलेंडरबिलेंडर?

मावशी : काही नाही, नुसती भिंत. चालू करू?

आई : थांब. पदर नीट करू दे. कर.

मावशी : बोल.

आई : मैत्रिणींनो, आज शिवण नाही. मागच्या खेपेला मी तुम्हाला एक शब्द सांगितला. माझ्या लेकीचा खरा शब्द होता तो, आणि तो ऐकून आज एक परका माणूस तिला न्यायला शाळेच्या दारात आला. ती वाचली, ती तिच्या हुशारीने. माझ्या नाही. ज्यांनी ज्यांनी तो शब्द आपल्या पोरांना दिलाय त्यांनी आज झोपायच्या आत बदला. नवा शब्द कुणाला सांगू नका. मला तर नकोच, खाली लिहू पण नका. आणि पोरांचे गणवेशातले फोटो असतील तर काढून टाका. मी चुकले. एवढंच. बंद कर.

मावशी : झालं. एकदा बघून घेतेस का?

आई : नको. टाक तसाच. आणि चल आता, चौकीतल्या बाई अधिकारी सातपर्यंतच आहे म्हणाल्या मघाशी फोनवर.

मावशी : मी रिक्षा बघते. तुम्ही दोघी कुलूप लावून या.

आई : रिळू, चपला घाल. आणि ऐक, आपलाही शब्द बदलायला हवा. मी विचार केलाय, आपण ठेवू...

मुलगी : तू नको ठेवूस. मी ठेवते. कान इकडे कर.

आई : ...हा? हा कसला गं शब्द!

मुलगी : मोठ्याने नको म्हणूस!

आई : नाही म्हणत, बाई. आणि मी पाठवलेला माणूस हा शब्द विसरला तर?

मुलगी : तर मी नाही जाणार.

आई : शहाणी माझी. आणि मीच विसरले तर? वय झालं आता माझं.

मुलगी : तुझी बटणं बघेन.