मला मागे बसायचंय

इंडोनेशियातल्या सोलो शहरात, सायकलच्या दुकानात मी पंक्चर निघायची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक वयस्कर नवरा-बायको कॅरिअर निवडत होते.

"हा बघ तार्मी, हाताने काढता-घालता येतो. ऑफिसच्या जिन्यावरून रोज सायकल चढवायची, तर मागचं ते जुनं लोखंडी धूड कशाला?"

"यावर माणूस बसतं का हो, भाऊ?" तिने दुकानदाराला विचारलं.

"नाही काकू. फक्त बॅग आणि डबा."

"ऐकलंत?"

"अगं, पण तू आता बसतेस कुठे? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नकोच म्हणालीस."

"डॉक्टरांनी पावसाळाभर नको म्हटलं होतं. जन्मभर नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कधी? एकटेच बाजारात जाता आणि सोयाबीनचं शिळं टेंपे घेऊन येता."

"मला वाटलं, तुला भीती वाटते."

"वाटते की. पण घरात एकटं बसून जास्त वाटते."

काकांनी हातातला कॅरिअर परत ठेवला आणि ते दुकानदाराकडे वळले.

"भाऊ, असाच काढता येणारा, पण पुढे हँडलपाशी लागणारा मिळेल?"

"मिळेल की, दार्सोनोकाका. मागचा काढून टाकू ना?"

"नको, राहू दे तो."

"अहो, जिन्यावर जड होईल," काकू म्हणाल्या.

"सायकल खालीच ठेवीन, कुलूप लावून."

नवा कॅरिअर बसवून झाला. सायकल रस्त्यावर आली.

"चल, बस."

"आत्ता? लोक बघतायत."

"बघू देत. घट्ट धर."

"माहितीये मला. तुम्ही चालवा."