राक्षसाचा नमस्कार

कमलअक्का, आणि या सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले भिकनभाऊंचे सगळे आप्त, शेजारी, गिऱ्हाईक,

तुम्ही मला बोलायला उभं केलंत. मी बोलणारा माणूस नाही. माझी पंचवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनीच्या आवाजात गेली, तिथे बोलून कुणाला ऐकू जात नाही. भिकनभाऊंनी मला सिनेमात घेतलं तेव्हाही एक वाक्य दिलं नाही. नुसतं गुरगुरायचं होतं. आणि ते गुरगुरणंसुद्धा नंतर त्यांनी स्वतःच्या आवाजात भरलं, ऐन सर्दीत. आज ते नाहीत. आज माझं मलाच बोलावं लागणार.

शोकसभेत माणसाचे गुण सांगतात. मी दोष सांगणार आहे. भाऊंचे नव्हेत, त्यांच्या सिनेमाचे. अक्का, भाऊंच्या माघारी घरचं मोठं माणूस तुम्ही, चालेल ना? ... अक्का हसल्या. मग चालेल.

नव्या पोरांना ठाऊक नसेल. सोळा वर्षांपूर्वी या आपल्या चोपडा गावात, फोटो स्टुडिओ चालवता चालवता, भाऊंनी एक जुनापुराणा कॅमेरा मिळवला आणि सिनेमा काढला. ‘तापीतला राक्षस’. पाऊण तासाचा. राक्षस मी होतो. मीच का? तर ओळखीत सगळ्यात उंच मी, आणि भाऊंना नाही म्हणायची मला सवय नव्हती.

माझं अंग बारदानाचं होतं. जिनिंगमधलीच पोती, त्यावर केळीची वाळलेली पानं शिवलेली. डोळे सायकलच्या मागचे लाल काचेचे. दात मुळ्याचे. हो, मुळ्याचे. सकाळी ताठ असायचे, दुपारी माना टाकायचे. म्हणून सिनेमात राक्षस सुरुवातीला तरुण दिसतो आणि शेवटी बोळका.

शेपटी पहिल्या अर्ध्या भागात आहे, नंतर नाही. जेवायच्या सुट्टीत शेळीने खाल्ली.

राक्षस तापीतून उठतो, असं दृश्य होतं. बारदान पाणी प्यायलं. मला उठवेना. शेवटी दोघांनी मागून काखेत हात घालून उपसलं मला. पडद्यावर राक्षसाला चार हात दिसतात. दोन बारदानाचे, दोन मनगटी घड्याळ घातलेले.

राक्षस डोंगराएवढा दिसावा म्हणून पुठ्ठ्याचं छोटं गाव मांडलं होतं. मी ते तुडवत असताना एक कोंबडी आली आणि चौकातून आरामात चालत गेली. गावातल्या देवळापेक्षा कोंबडी मोठी. बघणाऱ्यांना कळेना, भ्यायचं कुणाला?

आवाज वेगळ्या टेपवर होता. टेप मागे पडायची. राक्षस निघून गेला की मग गुरगुर यायची.

हसताय. हसा. भाऊंना हेच हवं असायचं. आठवतंय का, फोटो काढताना भाऊ कधी ‘हसा’ म्हणायचे नाहीत. काळ्या कापडाआडून ते त्या सिनेमातली एक चूक सांगायचे. नवरदेव मुळ्यावर हसायचे, पोरं शेळीवर. घरी जाऊन भिंतीवरचे फोटो बघा. चोपड्यात ज्या ज्या फोटोत माणूस हसतंय, त्यामागे आमचा सिनेमा आहे.

पण मंडळी, एक चूक त्यांनी कधीच सांगितली नाही. ती मला आज सांगायची आहे. कारण ती माझी आहे.

शेवटचं दृश्य इथून जवळच, माझ्या गावात घेतलं. राक्षस गल्लीतून येतो, माणसं पळतात, मडकी फुटतात. रीळ मोजकं उरलं होतं. भाऊंनी बजावलं होतं, “थांबशी नको. देऊळपुढून पयतच जाय.” गल्लीच्या तोंडाशी मुक्ताईचं लहानसं देऊळ आहे. मी लहानपणापासून तिथून कधी तसाच पुढे गेलेलो नाही. मी डरकाळ्या फोडत आलो. देऊळ आलं. मी थांबलो. पायातल्या चपला काढल्या. हात जोडले. मान वाकवली. चपला घातल्या. आणि पुन्हा लोकांच्या मागे धावलो.

मला काही कळलंच नाही! भाऊ ओरडले तेव्हा कळलं. “अरे भो, तू राक्षस शे! राक्षस!”

मी म्हणालो, “देव देखा भाऊ, हात जोडाई गयात.”

रीळ संपलं होतं.

मग यात्रेतल्या तंबूत पहिला खेळ लागला. सगळा तालुका आलेला. ते दृश्य आलं. राक्षस हात जोडून उभा, आणि मागच्या दृश्यातली गुरगुर तेव्हा ऐकू येतेय. माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या. राक्षस काय पुटपुटतोय ते न कळून एक म्हणाली, “हाऊ काय म्हनी राह्यना वं?” दुसरी म्हणाली, “पोथी म्हनत व्हई. चांगला घरना शे.”

तंबू हसून हसून हलायला लागला. कुणीतरी ओरडलं, “कोनी सांगं रे त्याले हात जोडाले?” मी खाली मान घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात भाऊ उभे राहिले. थेट पडद्यावरच्या उजेडात. म्हणाले, “मी सांगेल व्हतं. राक्षसले काय देव नही?”

तेव्हापासून तुम्ही सगळे ती भाऊंची कल्पना समजत आलात. मी गप्प बसलो. सोळा वर्षं गप्प बसलो.

पुढचं अक्कांना माहीत आहे. धुळ्याच्या एका टॉकीजवाल्याला आम्ही सिनेमा दाखवला. तो म्हणाला, रविवारी सकाळी लावतो, लोकांना गंमत वाटेल. फक्त तो नमस्कार कापा, राक्षसाची भीतीच जाते. भाऊंनी रिळाचा डबा उचलला. एसटीत चोपड्यापर्यंत तो त्यांनी मांडीवरच धरला. तो सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही. भाऊंनी दुसरा काढलाही नाही. माझ्या दोन हातांनी त्यांचं स्वप्न बुडवलं, असं मला वाटत राहिलं. देवळापुढे हात जोडताना रोज वाटायचं.

गेल्या महिन्यात ते धुळ्याला दवाखान्यात होते, तेव्हा मी विचारलंच. “भाऊ, तेवढं कापू दिलं असतं तर?”

दम लागत होता त्यांना. तरी हसले. म्हणाले, “त्यामा बठ्ठं खोटं व्हतं रे. दात मुळाना, शेपटी केळनी. हात तेवढा खरा व्हतात. ते कसाले कापू?”

मी त्यांचे पाय चेपत बसलो.

म्हणून आज सर्वांसमोर सांगतो. भाऊंनी मला नमस्कार करायला सांगितलं नव्हतं. चूक माझी होती. त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली, आणि हसणाऱ्या तंबूत माझ्यापुढे उभे राहिले. मी एवढंच बोलायला उठलो होतो.

आता आपण सगळे उभे राहू. चपला बाहेर काढलेल्याच आहेत. त्या राक्षसाने जोडले होते, तसे हात जोडू. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मधेच कुणाला हसू फुटलं, तर आवरू नका. भाऊ फोटो काढत असतील.